आईसाठी हालचाल मोजणारा पट्टा बनवतेय, बॅटरी १६ तासांत संपते. सॅम्पलिंग कमी करू की गायरो बंद करू?

सर्किटवेडी

नमस्कार मंडळी. जरा मोठं लिहितेय, पण सगळं सांगितल्याशिवाय कळणार नाही.

आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन होऊन दोन महिने झाले. फिजिओथेरपीच्या मॅडमनी विचारलं की दिवसभरात या किती चालतात, किती वेळ बसून असतात, जिना किती वेळा चढतात, तर आमच्यापैकी कोणालाच धड सांगता येईना. आई म्हणते "भरपूर चालते गं मी", बाबा म्हणतात "खुर्चीतून उठत नाही". म्हणून म्हटलं आपणच मोजूया. मनगटावरचा पट्टा बनवलाय, एनआरएफ५२८३२ (ब्लूटूथ असलेली छोटी प्रोसेसर चिप) चा बोर्ड, हालचाल मोजणाऱ्या एमपीयू-६०५० सेन्सरचं तयार मोड्यूल आणि १५० एमएएचची लिपो बॅटरी. १०० हर्ट्झला (सेकंदाला १०० वेळा) ॲक्सेलरोमीटर (झटके आणि झुकाव मोजणारा) आणि गायरो (फिरणं मोजणारा) दोन्ही वाचते, प्रत्येक सॅम्पल (एकेक मोजमाप) लगेच ब्लूटूथने फोनला पाठवते आणि कोणती हालचाल ते ओळखणारं मॉडेल फोनवर चालतं. मॉडेल आधी यूसीआय एचएआर या हालचालींच्या खुल्या डेटासेटवर शिकवलं, मग मी, भाऊ आणि दोन मैत्रिणींनी पट्टा घालून डेटा घेतला तो टाकून परत शिकवलं. टेस्टवर ९६ टक्के येतात.

अडचण अशी की सकाळी सातला घातला की रात्री अकराला बंद पडतो. मग आई तो चार्जिंगला लावते आणि सकाळी घालायला विसरते, गेल्या आठवड्यात सातपैकी तीनच दिवसांचा डेटा मिळाला. आठवडाभर चार्जिंगशिवाय चालला तर तिच्या डोक्याला ताप नाही.

सगळीकडे वाचलं की सॅम्पलिंग रेट कमी करा, म्हणून १०० वरून २० हर्ट्झवर आणलं. मधली सॅम्पल्स गाळली आणि फोनवर सरळ रेषेने भरून त्याच मॉडेलला दिली. बॅटरी जेमतेम दीड तास वाढली आणि ॲक्युरसी ९६ वरून ८८ वर आली! म्हणजे दोन्हीकडून मार. हे असंच असतं का, की माझं काही चुकतंय? गायरो बंद केला तर जिना आणि सपाट चालणं यातला फरक कळेल का?

कमी_करंट

ताई, काहीही कमी करायच्या आधी करंट नक्की कुठे जातोय ते मोजा. मोजल्याशिवाय रेट कमी करणं म्हणजे टाकी कुठून गळतेय ते न बघता सगळे नळ घट्ट करत बसणं.

आधी बजेट काढू. १५० एमएएच १६ तासांत संपते म्हणजे सरासरी ९.४ मिलिॲम्प जातायत. तुम्हाला हवेत ७ दिवस म्हणजे १६८ तास, बॅटरीतले १२० एमएएचच वापरायला मिळतील असं धरलं तर सरासरी ०.७ मिलिॲम्पच्या आत बसायला हवं. म्हणजे १३ पट कमी. नुसता रेट बदलून १३ पट कधीच मिळणार नाही, आणि तुमच्या डिझाइनमध्ये तर तो रेट जवळजवळ कशालाच हात लावत नाहीये.

का ते सांगतो. एमपीयू-६०५० चा गायरो एकटा ३.६ मिलिॲम्प घेतो आणि ॲक्सेल ०.५. गायरोच्या आतला इवलासा भाग सतत कंप पावत ठेवावा लागतो तेव्हा कुठे फिरणं मोजता येतं, त्यामुळे तुम्ही सेकंदाला १०० वेळा वाचा नाहीतर २० वेळा, तो कंप चालूच राहतो आणि करंटही तेवढाच जातो. दुसरं ब्लूटूथ. फोनने कनेक्शन इंटरव्हल (दोन संपर्कांमधला वेळ) १५ मिलिसेकंद ठेवला असेल आणि पेरिफेरल लेटन्सी (पट्ट्याला किती संपर्क चुकवायची मुभा) शून्य असेल तर पाठवायला काही असो नसो, सेकंदाला ६६ वेळा रेडिओ उठतो, आणि प्रत्येक वेळी उठला की साडेपाच मिलिॲम्पच्या आसपास खातो. तिसरं, मोड्यूलवरचा लाल एलईडी, तो दिवसरात्र जळतोय. चौथं, फर्मवेअरमध्ये (चिपवरच्या प्रोग्राममध्ये) यूआर्टचं, म्हणजे तारेने कॉम्प्युटरला संदेश पाठवणाऱ्या पोर्टचं, लॉगिंग राहिलंय का बघा, कारण रिसीव्ह चालू असेल तर हाय-स्पीड क्लॉक बंदच होत नाही आणि झोपेत २ मायक्रोॲम्पच्या आसपास जायला हवेत तिथे शेकडो जातात. मी स्वतः या एका ओळीपायी दोन आठवडे घालवलेत.

मोजताना साधा मल्टिमीटर मायक्रोॲम्पच्या रेंजला लावू नका. त्या रेंजला आतला शंट (मोजणीचा रोध) मोठा असतो, १०० ओहम धरा, रेडिओ उठून साडेपाच मिलिॲम्प ओढले की अर्धा व्होल्ट तिथेच पडतो, बोर्ड रिसेट होतो आणि आपण बसतो कोडमधला बग शोधत. पॉवर प्रोफायलर किट २ सारखं करंटचा ग्राफ काढणारं काहीतरी कोणाकडून मागून आणा. ग्राफ एकदा डोळ्यांनी बघितला की सगळं कळतं. झोपलेली सपाट रेघ, तिच्यावर ठराविक अंतराने उभ्या सुया, प्रत्येक सुई कशाची ते ओळखायचं आणि एकेक काढत जायचं.

विंडो_ओव्हरलॅप

कमी_करंट यांनी बॅटरीचं सांगितलं, मी ॲक्युरसीचं सांगते, कारण मला तो ९६ चा आकडाच पटत नाहीये.

तुम्ही ट्रेन (शिकवायचा डेटा) आणि टेस्ट (तपासायचा डेटा) कसं वेगळं केलंत? सगळ्या विंडो (डेटाचे काही सेकंदांचे तुकडे) एकत्र करून रँडम ३० टक्के टेस्टला काढल्या असतील तर ५० टक्के ओव्हरलॅपमुळे एकाच माणसाच्या शेजारशेजारच्या विंडो, ज्यांच्यात निम्मा डेटा तोच आहे, एक ट्रेनमध्ये आणि एक टेस्टमध्ये जाते. मॉडेलला पाठ केलेलंच परत विचारल्यासारखं होतं. एक माणूस पूर्ण बाहेर ठेवा, बाकीच्यांवर शिकवा, त्या माणसावर तपासा, आणि असं प्रत्येकासाठी करा. आकडा खाली येईल आणि वाईट वाटेल, पण खरा आकडा तोच. यूसीआय एचएआरमध्ये ३० जणांना असंच माणसागणिक वाटलंय, २१ ट्रेनला आणि ९ टेस्टला, ते उगाच नाही. आणि ते ३० जण १९ ते ४८ वयाचे, फोन कमरेला बांधलेले, रेट ५० हर्ट्झ. तुमचा पट्टा मनगटावर, रेट १००, आणि आईंचा गुडघा ऑपरेशन झालेला. त्या डेटाचा आणि आईंच्या चालण्याचा संबंध फार थोडा आहे.

आता ८८ कसे झाले ते. २० हर्ट्झला वाचलं की १० हर्ट्झच्या वरचं जे काही असेल ते खालच्या फ्रिक्वेन्सीत दुमडून येतं, आणि तुम्ही मधली सॅम्पल्स नुसती गाळलीत, फिल्टर लावलाच नाहीत. एमपीयूमध्ये डीएलपीएफ (वरच्या फ्रिक्वेन्सी गाळणारा फिल्टर) असतो, तो १० हर्ट्झवर ठेवायचा आणि मग रेट उतरवायचा. वर त्या सरळ रेषेने भरलेल्या सॅम्पल्स जुन्या मॉडेलला दिल्या, ज्याने असा गुळगुळीत सिग्नल आयुष्यात पाहिलेला नाही. हे ८ टक्के सॅम्पलिंग कमी केल्यामुळे गेले असं मला वाटत नाही, मॉडेल परत न शिकवल्यामुळे गेले असणार. जुना १०० चा डेटा नीट फिल्टर करून २५ वर आणा, त्यावर नव्याने शिकवा, मग तुलना करा.

चालण्यासाठी १०० लागतातच असं नाही. १९८५ साली ॲन्टन्सन आणि मान यांनी फोर्स प्लेटवर (पावलाचा जोर मोजणाऱ्या फळीवर) अनवाणी चालणाऱ्यांचं मोजलं होतं, ९९ टक्के ताकद १५ हर्ट्झच्या खाली निघाली. आणि ते तर थेट टाचेखालचं, जिथे आघात सगळ्यात कडक असतो. वर शरीरात येईपर्यंत सिग्नल आणखी मऊ होतो. चालणं-बसणं-झोपणं ओळखायला २० ते २५ हर्ट्झ पुरतात, फक्त पडणं ओळखायचं असेल तर गोष्ट वेगळी, तो धक्का क्षणाचा असतो.

आणखी एक, एकच टक्केवारी बघू नका. दिवसाचा बहुतेक वेळ माणूस बसलेला किंवा झोपलेला असतो, त्यामुळे मॉडेलने कायम "बसली आहे" म्हटलं तरी आकडा चांगलाच दिसेल. मॅडमना चालण्याची मिनिटं हवीत ना, मग खरी चालण्याची मिनिटं किती आणि पट्ट्याने पकडली किती, तेवढंच मोजा.

सर्किटवेडी

बाप रे, रँडमच वाटलं होतं मी. रात्री माणूस बाहेर ठेवून तपासलं तर ८१ आले. वाईट वाटलं खरं, पण कळलं ते बरं झालं. आणि यूआर्ट चालूच होतं, एलईडी पण. इंटरव्हल बघितला, १५ च होता.

पाऊलखुणा

एक विचारायचं राहिलंय सगळ्यांचं. आई वॉकर धरून चालतात का?

सर्किटवेडी

हो, घरात वॉकर, बाहेर काठी.

पाऊलखुणा

मग मनगटावरून पट्टा काढा. खरंच सांगतोय, तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर इथेच आहे.

मी पुनर्वसनाच्या कामासाठी असा डेटा गोळा करतो, बहुतेक वयस्कर माणसांचा. वॉकर धरलेला हात हलतच नाही. माणूस दहा पावलं चालतो आणि मनगटावरच्या सेन्सरला वॉकर उचलून पुढे ठेवल्याचे दोन-तीन हलके धक्के दिसतात, बस. सावकाश चालणाऱ्यांची पावलं मनगटावर कमी मोजली जातात ही जुनीच तक्रार आहे आणि वॉकर असला तर विचारूच नका. मनगटावर तुम्ही गायरो लावा, २०० हर्ट्झ करा, जे तिथे पोचतच नाही ते कुठून मिळणार?

मांडीवर बांधा, पुढच्या बाजूला, गुडघ्यापासून बऱ्यापैकी वर. उभं असताना मांडी उभी आणि बसलं की आडवी, म्हणजे गुरुत्वाकर्षण एका अक्षावरून सरळ दुसऱ्या अक्षावर जातं. याला गायरो लागत नाही, मोठा रेट लागत नाही, काही सेकंदांनी एकदा बघितलं तरी कळतं. संशोधनात वापरतात ते ॲक्टिव्हपाल नावाचं हालचाल मोजणारं यंत्र मांडीवरच लावतात आणि ते २० हर्ट्झला चालतं. मांडीवरून बसणं आणि झोपणं मात्र एकसारखं दिसतं, दोन्हीत मांडी आडवीच. पण मॅडमना आई पायावर किती वेळ असतात ते हवंय, त्यामुळे ती दोन एकत्रच धरा. जो फरक कोणी विचारलेला नाही तो ओळखण्यात बॅटरी घालवायची नाही. इलॅस्टिकचा रुंद पट्टा घ्या, अरुंद असेल तर तासाभरात वळ उठतात आणि मग त्या घालणारच नाहीत. टाक्यांच्या खुणा अजून नाजूक असतील तर आधी मॅडमना विचारा.

कमी_करंट

पाऊलखुणांनी फार मोठं काम केलं, मांडीवर आलात म्हणजे गायरोची गरजच संपली. आता फर्मवेअरची मांडणी बदलूया.

गायरोचे तिन्ही अक्ष स्टँडबायला टाका. बहुतेक लायब्ररी सेन्सरचं घड्याळ (क्लॉक सोर्स) गायरोच्या पीएलएलवर, म्हणजे गायरोच्या ठोक्यावर, ठेवतात, तो आधी इंटर्नल ऑसिलेटरवर आणा, नाहीतर गायरो बंद केल्यावर विचित्र वागतो. इंटर्नल ऑसिलेटर थोडा मागेपुढे होतो, त्यामुळे वेळेचा शिक्का सेन्सरच्या मोजणीवरून न देता एनआरएफच्या ३२ किलोहर्ट्झ क्रिस्टलवरून द्या. नाहीतर आठवड्याने दुपारची झोप सकाळी दिसेल.

प्रत्येक सॅम्पलला सीपीयू उठवू नका, सेन्सरच्या फिफोमध्ये (आतल्या छोट्या साठ्यात) साठू द्या. २५ हर्ट्झला २.५६ सेकंदांची विंडो म्हणजे ६४ सॅम्पल, तेवढी जमली की एकदाच उठायचं, सगळी उचलायची, फीचर (सरासरी, चढउतार असे मोजके आकडे) काढायचे, निकाल लावायचा, परत झोपायचं. सेकंदाला २५ वेळा उठण्याऐवजी अडीच सेकंदांत एकदा.

आणि कच्चा डेटा हवेतून पाठवणं बंद. निकाल पट्ट्यावरच काढा, त्याला छोटा डिसिजन ट्री (एकामागे एक हो-नाही प्रश्नांचं साधं मॉडेल) पुरे. दर मिनिटाला ८ बाइट लिहा, किती सेकंद उभं, किती आडवं, किती पावलं, बॅटरी किती. दिवसाला १४४० मिनिटं म्हणजे साडेअकरा हजार बाइट, आठवड्याचे ८० हजार. एनआरएफ५२८३२ मध्ये ५१२ केबी फ्लॅश आहे, कोड धरूनसुद्धा आरामात मावतं. फोन दिवसातून एकदा जोडायचा, डेटा घ्यायचा, सोडून द्यायचा.

पुढचा बोर्ड कराल तेव्हा सेन्सरही बदला. एडीएक्सएल३६२ सारखा सेन्सर १०० हर्ट्झला २ मायक्रोॲम्पच्या आत चालतो आणि नुसतं "कोणी हललं का" बघत बसायला २७० नॅनोॲम्प घेतो. तुमच्या आत्ताच्या गायरोच्या ३.६ मिलिॲम्पशेजारी ठेवून बघा हे. लोक ॲक्सेलचा रेट कमी करायला धावतात, पण चांगल्या सेन्सरमध्ये तो रेट जवळजवळ फुकट असतो. यूके बायोबँक या ब्रिटनमधल्या मोठ्या आरोग्य-अभ्यासाने २०१३ ते २०१५ मध्ये एक लाखाहून जास्त लोकांना मनगटी ॲक्सेलरोमीटर सात-सात दिवस घालायला दिला, १०० हर्ट्झला, कच्चा डेटा, मध्ये चार्जिंग नाही. गायरो नव्हता, रेडिओ नव्हता, सगळं आतल्या मेमरीत. १०० हर्ट्झ, तीन अक्ष, दोन-दोन बाइट धरले तर दिवसाचे ५२ एमबी होतात, ते लिहून ठेवणं परवडतं, हवेतून सतत पाठवणं नाही.

विंडो_ओव्हरलॅप

पूर्ण सहमत, फक्त कच्चा डेटा लगेच बंद करू नका. पहिले दोन-तीन दिवस २५ हर्ट्झचा कच्चा डेटा घ्याच, दिवसाचे १३ एमबी होतील, ते दिवस रोज चार्ज करावं लागलं तरी चालेल. त्यातला अर्धा-पाऊण तास आईंचा व्हिडिओ काढा, फक्त पाय दिसले तरी पुरे, आणि त्यावरून लेबल लावा. व्हिडिओ सुरू झाल्यावर पट्ट्यावर तीनदा टिचकी मारा म्हणजे दोन्हीकडच्या वेळा जुळवता येतात. तुम्हा चौघांच्या दिवसभराच्या डेटापेक्षा आईंचा स्वतःचा अर्धा तास जास्त कामाचा आहे.

पाऊलखुणा

हालचाल नसताना सेन्सर झोपवला तर त्याला जागं करायच्या थ्रेशोल्डबद्दल (किती हललं की जागं व्हायचं त्या मर्यादेबद्दल) एक सांगून ठेवतो, कारण त्यात माझ्याकडून एका आजोबांचा आठवडा वाया गेलाय.

कमरेचा सेन्सर होता, हालचाल नसेल तर झोपायचा आणि २५० मिली-जीच्या (गुरुत्वाकर्षणाच्या, म्हणजे १ जीच्या, पाव भागाच्या) वर काही जाणवलं की जागा व्हायचा. आमच्यावर तपासलं तेव्हा झकास चालत होता. आजोबा पाय ओढत चालायचे. आठवडाभर दुपारी "स्थिर" दाखवत होतं आणि त्यांची मुलगी सांगत होती की अहो ते रोज गॅलरीत फेऱ्या मारतात. शेवटी झोपवणं बंद करून एक दिवस कच्चा डेटा घेतला तेव्हा दिसलं, अगदी व्यवस्थित पावलं, एकामागे एक, पण एकही ८० मिली-जीच्या वर जात नव्हतं. त्यांच्या सगळ्या फेऱ्या आमच्या थ्रेशोल्डच्या खाली राहिल्या होत्या. त्यांनी मेहनत केली आणि आम्ही कागदावर शून्य लिहिलं, ते अजून मनाला लागतं.

म्हणून झोपवायचं असेल तर थ्रेशोल्ड आईंच्या सगळ्यात हळू चालण्यावरून ठरवा, आणि तोही स्थिर स्थितीच्या तुलनेत, नाहीतर गुरुत्वाकर्षणाचा १ जी त्यात मिसळतो. थोडं जास्त वेळा उगाच जागा झाला तर जाऊ दे. उगाच जागं होण्यात थोडी बॅटरी जाते, झोपून राहण्यात चालणंच हरवतं.

सर्किटवेडी

तीन आठवड्यांनी येतेय, पण सगळं करून बघितलं.

मांडीवर आणला पट्टा, मॅडमनी जागा दाखवली. गायरो बंद, एलईडी काढून टाकला, यूआर्ट बंद, फिफो २.५६ सेकंदांचा, मिनिटाचा हिशेब फ्लॅशमध्ये. एका मित्राच्या ऑफिसातून प्रोफायलर मिळाला, सुरुवातीचा ग्राफ म्हणजे नुसतं दाट गवत होतं, आता लांबच लांब सपाट रेघ आणि मध्येच एक सुई. सरासरी ०.८ मिलिॲम्प येतायत, त्यातले ०.५ एकट्या ॲक्सेलचे. पट्टा सहा दिवस चालला! नवीन सेन्सर मागवलाय, तो आला की आठवड्याची चिंताच उरणार नाही.

आईचा ४० मिनिटांचा व्हिडिओ लावून तपासलं. व्हिडिओत ११ मिनिटं चालणं होतं, पट्ट्याने १० पकडली. हुकलेलं एक मिनिट सगळं स्वयंपाकघरातलं, दोन पावलं आणि थांबायचं, दोन पावलं आणि थांबायचं, ते अडीच सेकंदांच्या विंडोत बसत नाही. बसणं-उभं राहणं एकदाही चुकलं नाही.

आणि आई रोज साधारण ५० मिनिटं पायावर असते, म्हणजे तिचं आणि बाबांचं म्हणणं यांच्या बरोबर मधे. मॅडमनी तक्ता बघून दुपारच्या सलग तीन तासांच्या बसण्यावर बोट ठेवलं आणि तिथे दोनदा उठायला सांगितलं.

जिना मात्र अजून जमत नाही. ती एकेक पायरी दोन्ही पाय टेकवत चढते, ते हळू चालण्यासारखंच दिसतं. त्यासाठी गायरो परत चालू करू का?

कमी_करंट

वा, फार छान वाटलं वाचून. गायरो नको, बॅरोमीटर लावा. दर मीटर वर गेलं की हवेचा दाब साधारण १२ पास्कलने उतरतो, तीन मीटरचा मजला म्हणजे ३६ पास्कल, आणि तो फरक आई एका पायरीवर एकच पाय ठेवत चढोत की दोन्ही टेकवत, तेवढाच येतो. बीएमपी२८० बॅरोमीटर सेकंदाला एकदा वाचला तर ३ मायक्रोॲम्पच्या आत भागतं. तोही कायम चालू नको, ॲक्सेलने "चालतेय" म्हटलं की उठवा आणि थांबल्यावर काही सेकंदांनी बंद करा. दार आपटलं किंवा वाऱ्याचा झोत आला तर दाब क्षणभर उडी मारतो, त्यामुळे एकटी उडी मोजू नका, पावलं पडत असताना अर्धा-एक मिनिट सतत उतरत गेला तरच चढण धरा. सेन्सरच्या भोकावर कापड घट्ट दाबलं जाणार नाही एवढं बघा, मांडीवर बसताना तिथेच दाब येतो.